कावळा, फांदी आणि हिरड्या

सप्टेंबर १९९१ मध्ये आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया आणि इटलीच्या हद्दीवर, भटकायला गेलेल्या एका जर्मन जोडप्याला बर्फातून अर्धवट वर आलेला माणसाचा देह दिसला. कुणी गिर्यारोहक वाट चुकून मेला असेल, असंच आधी वाटलं. तपासणीत निघालं की गृहस्थांना जाऊन ५३०० वर्षं झाली आहेत. ओट्झी या नावाने तो आता जगप्रसिद्ध आहे आणि इटलीतल्या बोल्झानो शहरातल्या संग्रहालयात, बर्फासारख्या थंड खोलीत पहुडला आहे. वय पंचेचाळिशीच्या आसपास. मरण आलं ते खांद्यात घुसलेल्या बाणाने. पण तो बाण चुकला असता तर पुढे त्याचं काय झालं असतं, याचा तर्क करण्याइतकी माहिती त्याच्या देहातून मिळाली आहे.

२०१३ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी सीटी स्कॅनवरून त्याचे दात बारकाईने पाहिले. काही दात किडलेले होते आणि मागच्या दाढांना धरून ठेवणारं हाड चांगलंच खाली गेलेलं होतं. आपण सरसकट ज्याला पायरिया म्हणतो तोच हा आजार. त्याच्या देहाच्या स्कॅनमध्ये हृदयाजवळच्या आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियमचे ठिपकेही सापडले, म्हणजे धमन्या कडक व्हायला लागल्या होत्या. सगळ्यांत नवलाची गोष्ट २०१४ मध्ये पुढे आली. ओट्झीच्या कमरेच्या हाडाचा एक कण तपासताना त्यात ट्रेपोनेमा डेंटिकोला या जिवाणूचा डीएनए मिळाला. हा जिवाणू राहतो हिरड्यांच्या खाचांमध्ये. तोंडातून कमरेपर्यंत तो रक्तातूनच पोचला असणार, असं संशोधकांचं अनुमान आहे.

एवढं वाचलं की ‘हिरड्या सडल्या, म्हणून धमन्याही बिघडल्या’ असं म्हणायला जीभ शिवशिवते. पण २०१२ मध्ये त्याच ओट्झीची जनुकं वाचली गेली होती आणि त्यांत हृदयविकाराकडे ओढा असलेले बदल सापडले होते. मग धमन्यांतलं कॅल्शियम हिरड्यांमुळे आलं की आईबापांकडून? की वय झालं म्हणून दोन्ही गोष्टी आपापल्या वाटेने आल्या? कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं आपण म्हणतो. हिरड्या आणि हृदय यांच्याबद्दलचं गेल्या साडेतीन दशकांतलं सगळं संशोधन म्हणजे या एका म्हणीशी घातलेली झुंज आहे. कावळा बसला होता हे नक्की, फांदी तुटली हेही नक्की. कावळ्याचं वजन किती, एवढाच प्रश्न आहे.

आधी हिरड्यांचं बघू. दात हिरडीत जिथे शिरतो तिथे दाताभोवती एक उथळ खाच असते, निरोगी तोंडात एक ते तीन मिलिमीटर खोल. दातांवर रोज जिवाणूंचा चिकट, मऊ थर बसतो. तो निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांमुळे कडक होतो आणि त्याचं किटण बनतं. थराला खेटलेली हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागला की रक्त येतं. इथे आपल्याकडे हमखास एक चूक होते. रक्त आलं म्हणून माणूस तिथे ब्रश फिरवायचंच सोडतो, म्हणजे जिथे सफाईची जास्त गरज तिथेच ती थांबते.

थर आणि सूज यांचा संबंध १९६५ मध्ये डेन्मार्कच्या आरहूस शहरात हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी फार सुरेख दाखवला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी, त्यांतले बहुतेक विद्यार्थी, दात घासणं पूर्ण बंद केलं. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा दात घासायला लागल्यावर सगळ्यांच्या हिरड्या पूर्ववत झाल्या. इतका साधा आणि इतका निर्विवाद प्रयोग वैद्यकात क्वचितच सापडतो. कारण लावलं, रोग आला. कारण काढलं, रोग गेला. हृदयाच्या बाबतीत नेमका हाच पुरावा हाती येत नाही, म्हणून हा प्रयोग लक्षात ठेवलेला बरा.

पण सुजलेली हिरडी म्हणजे पायरिया नव्हे. पायरियात सूज खाली उतरते, खाच खोल होऊन तिचा खिसा बनतो, हाड झिजतं आणि शेवटी दात हलू लागतो. हे प्रत्येकाला होत नाही. त्याच लो यांनी १९७० मध्ये श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० तमिळ मजुरांचे दात तपासायला सुरुवात केली आणि पुढची पंधरा वर्षं ते पुन्हापुन्हा तपासले. या मजुरांना दात घासायची सवय नव्हती, दंतवैद्य कधी दिसला नव्हता. सगळ्यांच्या दातांवर थर आणि किटण भरपूर. तरी निकाल तीन तऱ्हांचे निघाले. ८ टक्के लोकांचे दात झपाट्याने गेले, ८१ टक्के लोकांचा रोग मध्यम वेगाने वाढला आणि ११ टक्के लोकांच्या हिरड्या सुजल्या खऱ्या, पण हाडाला धक्का लागला नाही. (पंधरा वर्षं नुसतं बघत राहण्याचा असा अभ्यास आज कुठली नैतिक समिती मंजूर करेल असं वाटत नाही, पण त्यातून जे कळलं ते दुसरीकडून कळलं नसतं.) सारखाच मळ, सारखीच आबाळ, आणि तरी निकाल वेगळे. याचा अर्थ रोग कितपत वाढणार हे जिवाणूंइतकंच त्या माणसाचं शरीर त्यांना कसं उत्तर देतं यावर ठरतं. ज्याचं शरीर हिरडीत जास्त भडकतं, त्याचं ते धमन्यांतही जास्त भडकत असेल का? असेल, तर हिरडी आणि हृदय ही कारण आणि परिणाम नसून एकाच स्वभावाची दोन लेकरं ठरतील. ही शक्यता लक्षात ठेवलेली बरी.

पायरियाच्या खिशांच्या आतलं अस्तर सोललेलं, कच्च्या जखमेसारखं असतं. तोंडातली अशी सगळी जखम मिळून तळहाताएवढी होते, असं जुन्या पुस्तकांत सर्रास लिहिलेलं असे. नीट मोजमाप केल्यावर आकडा खाली आला. पायरिया असलेल्या माणसाच्या दात आणि हिरडीच्या सांध्याचं क्षेत्रफळ साधारण ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतं. म्हणजे मोठी बाजू धरली तर काडेपेटीच्या पाठीएवढं. पण हेही कमी नाही. काडेपेटीएवढी ओली जखम पोटरीवर वर्षानुवर्षं असती तर घरच्यांनी आपल्याला केव्हाच दवाखान्यात ओढून नेलं असतं. हिरडीतली जखम दिसत नाही आणि बहुधा दुखतही नाही.

या जखमेतून जिवाणू रक्तात जातात, आणि त्यासाठी फार काही करावं लागत नाही. लंडनमध्ये ओकेल आणि एलियट यांनी १९३५ मध्येच दात काढल्यावर लगेच रुग्णांचं रक्त घेऊन त्यात तोंडातले जिवाणू वाढवून दाखवले होते. अलीकडे, २००८ मध्ये, अमेरिकेत पीटर लॉकहार्ट यांच्या गटाने २९० जणांवर याची नीट चाचणी घेतली. प्रतिजैविक न देता दात काढला तेव्हा ६० टक्के लोकांच्या रक्तात हृदयाला धोकादायक जातीचे जिवाणू मिळाले, आणि नुसतं दात घासल्यावर २३ टक्के लोकांच्या. दात आयुष्यात एखाददुसऱ्या वेळी काढला जातो, घासतो मात्र आपण रोज. त्यामुळे वर्षाचा हिशेब मांडला तर हृदयापर्यंत जिवाणू नेण्यात रोजच्या ब्रशचा आणि चावण्याचा वाटा दंतवैद्याच्या पकडीपेक्षा कितीतरी मोठा असणार. निरोगी माणसाचं रक्त हे पाहुणे काही मिनिटांत हाकलून देतं.

ज्यांच्या हृदयाची झडप आधीच खराब आहे त्यांची गोष्ट वेगळी. तोंडातले स्ट्रेप्टोकोकस जातीचे जिवाणू खडबडीत झडपेवर चिकटतात, तिथे घर करतात आणि झडप कुरतडतात. हा झडपदाह उपचाराविना जीवघेणा आहे. तोंड आणि हृदय यांच्यातला हा दुवा शंभर वर्षांपासून माहीत आहे आणि त्याबद्दल वाद नाही. लहानपणी घसा येऊन पुढे संधिवाती ताप येतो आणि झडपा बिघडतात, असे रुग्ण भारतात अजूनही आहेत. त्यांना आणि कृत्रिम झडप बसवलेल्यांना हिरड्यांची हेळसांड परवडणारी नाही. दात काढण्याआधी प्रतिजैविकाचा एक मोठा डोस द्यायची शिफारस अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९५५ मध्ये केली आणि बरीच दशकं ती सढळ हाताने पाळली गेली. २००७ मध्ये त्याच संस्थेने ती आखडली: कृत्रिम झडप, पूर्वी झालेला झडपदाह, काही जन्मजात दोष अशा मोजक्या रुग्णांपुरतीच. कारण वर आलंच आहे. रोज ब्रश करताना जिवाणू जाणारच असतील, तर वर्षातून एकदा गोळी घेऊन कितीसा फरक पडणार? त्यापेक्षा हिरड्या निरोगी ठेवणं बरं.

आता मुख्य वाद. तो झडपेचा नाही, धमन्यांचा आहे, ज्यात ब्लॉकेज होतं, स्टेंट टाकतात, अटॅक येतो. १९८९ मध्ये हेलसिंकीच्या किमो मॅटिला आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका आलेले १०० रुग्ण आणि न आलेले १०२ जण यांचे दात पाहिले. झटका आलेल्यांचं तोंड सरासरीने जास्त खराब होतं, आणि वय, धूम्रपान, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब धरल्यावरही फरक उरला. चार वर्षांनी अमेरिकेतल्या ९७६० लोकांच्या सर्वेक्षणातून असंच दिसलं: पायरिया असलेल्यांना हृदयरोगाचा धोका २५ टक्के जास्त. वर्तमानपत्रांना आयता मथळा मिळाला. टूथपेस्टच्या जाहिरातींनाही.

मग सिॲटलच्या फिलिप हुजोएल यांनी २००० मध्ये त्याच सर्वेक्षणातल्या लोकांचा पुढचा इतिहास घेऊन हिशेब पुन्हा मांडला. धूम्रपान, उत्पन्न, शिक्षण, व्यायाम यांची वजाबाकी जरा काटेकोरपणे केल्यावर खात्री देण्याजोगं काही उरलं नाही. त्यांनी आणखी एक चाणाक्ष प्रश्न विचारला. हिरड्यांतला जंतुसंसर्गच हृदयाला बाधत असेल, तर ज्यांच्या तोंडात एकही दात उरलेला नाही त्यांचं हृदय पायरियावाल्यांपेक्षा सुखरूप असायला हवं. दात नाहीत म्हणजे खिसे नाहीत आणि खिशांतले जिवाणूही नाहीत. तसं आढळलं नाही.

हा हिशेब सुटणं किती अवघड आहे हे कळायला महाराष्ट्रासारखी जागा नाही. इथे दात घासायचं साधनच तंबाखू असू शकतं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटायची, ती झाली मशेरी. सकाळी उठून बोटाने हिरड्यांवर चोळायची, मग घरातलं काम सुरू. माझ्या लहानपणी गावाकडे चुलीजवळच्या कोनाड्यात मशेरीचा डबा असणं यात कुणाला काही वावगं वाटत नसे. ती लावल्याशिवाय बायकांना शौचाला होत नाही आणि दात दुखायचे राहत नाहीत, असा समज होता. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक विडी-सिगारेट ओढणारे निघाले, आणि २४.४ टक्के लोक तंबाखू, मशेरी, गुटखा अशा बिनधुराच्या प्रकारांतले. बायकांत हा आकडा १६.६ टक्के होता.

आता अशा एखाद्या बाईच्या हिरड्या खाली गेल्या आणि साठीत तिला अटॅक आला, तर दोष कुणाला द्यायचा? मशेरीने हिरडी सरकते. मशेरीतलंच निकोटिन रक्तात जाऊन नाडी आणि रक्तदाब वाढवतं. कावळा एकच, पण तो दोन फांद्यांवर बसलेला आहे, आणि आपण एका फांदीने दुसरी कशी मोडली याचा शोध लावत बसलो आहोत. पाश्चात्त्य अभ्यासात सिगारेट वजा करतात. आपल्याकडच्या अभ्यासात रुग्णाला ‘धूम्रपान करता का?’ एवढंच विचारलं तर ही बाई खुशाल ‘नाही’ म्हणेल. तिच्या दृष्टीने ती तंबाखू खातही नाही आणि ओढतही नाही, फक्त दात घासते. शिवाय सिगारेट हिरड्यांतला रक्तस्राव दाबून टाकते, त्यामुळे ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं आणि रोग लपून राहतो, ही त्यातली आणखी एक खोच.

तंबाखूखेरीज मधुमेह आहेच. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि धमन्याही. इथे मात्र उलट दिशेचा पुरावा बराच पक्का झाला आहे. हिरड्यांवर उपचार केले की मधुमेह्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, सुमारे ०.४ टक्क्याने खाली येते, असं अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा घेऊन २०२२ मध्ये कॉक्रेन संस्थेने सांगितलं. साखरेची एखादी जादा गोळी सुरू केल्यावर जो फायदा दिसतो, त्याच्या जवळपास जाणारा हा आकडा आहे.

तर मग हृदयाचं सगळंच कावळा-फांदी का? नाही. स्वीडनमध्ये पहिल्यांदा अटॅक आलेले ८०५ जण आणि त्याच वयाचे, त्याच भागातले ८०५ निरोगी शेजारी यांची तुलना झाली. निकाल २०१६ मध्ये आला. दातांचे एक्स-रे काढून पायरिया ठरवला होता, नुसतं विचारून नाही. अटॅकवाल्यांपैकी ४३ टक्क्यांना पायरिया होता, इतरांपैकी ३३ टक्क्यांना. धूम्रपान, मधुमेह, शिक्षण, लग्न वगैरे सगळं वजा केल्यावरही संबंध उरला: २८ टक्के जास्त शक्यता. हे काही घबाड नव्हे. सिगारेट किंवा रक्तदाबाशी त्याची बरोबरी होणार नाही. पण शून्यही नाही.

शरीरात हे घडतं कसं, याच्या दोन वाटा सांगितल्या जातात. एक सरळ वाट: जिवाणू रक्तातून धमनीच्या भिंतीत पोचतात. मानेच्या धमनीतून शस्त्रक्रियेने काढलेले मेदाचे थर ५० रुग्णांकडून घेऊन तपासले गेले, तेव्हा ४४ टक्के नमुन्यांत हिरडीतल्या एका तरी जिवाणूची जनुकं मिळाली. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा त्यांतला बदनाम गडी. संख्येने तो थोडका असतो, पण त्याच्यामुळे बाकीची वस्तीही बिघडते, आणि त्याची विकरं रक्तातल्या बिंबिकांना एकमेकींना चिकटायला लावतात. (दातावरच्या थराला दंतवैद्य ‘प्लाक’ म्हणतात आणि धमनीतल्या थराला हृदयरोगतज्ज्ञही ‘प्लाक’च म्हणतात. हा निव्वळ शब्दांचा योगायोग. दातावरचा मळ सुटून धमनीत जाऊन बसतो असा समज करून घेतलेले सुशिक्षित लोक मला भेटले आहेत.) पण जिवाणू सापडणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नाही. पडक्या वाड्यात भटकी कुत्री सापडतात. वाडा त्यांनी पाडलेला नसतो.

दुसरी वाट आडवळणाची. हिरडीतला दाह तिथेच थांबत नाही. तिथून निघालेले निरोप यकृतापर्यंत जातात आणि यकृत सीआरपी नावाचं प्रथिन जास्त सोडतं. धमन्यांचा रोग म्हणजे नळात गाळ साठणं एवढंच नाही, त्या भिंतीतही दाह धुमसत असतो. २०१७ मध्ये दहा हजारांहून अधिक हृदयरुग्णांवर कॅनाकिन्युमॅब या औषधाची चाचणी झाली. ते औषध कोलेस्टेरॉलला हातही लावत नाही, फक्त दाह कमी करतं. तरीही अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने येणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. म्हणजे दाहाचं वजन खरं आहे. आपल्या रानात फुलणाऱ्या कळलावीच्या बियांत मिळणारं कोल्चिसिन हेही दाहनाशक. २०२० च्या एका चाचणीत त्याने जुन्या हृदयरुग्णांत चांगला फायदा दाखवला आणि २०२४ मध्ये नुकताच अटॅक आलेल्यांवरच्या मोठ्या चाचणीत दाखवला नाही. (कळलावी विषारी आहे, घरगुती प्रयोग नको.) शरीरात कुठेतरी कायमची शेकोटी पेटलेली असेल तर तिची धग धमन्यांनाही लागेल, हे पटण्याजोगं आहे. ती शेकोटी हिरडीतली असली तर धग किती, हे ठरायचं आहे.

वैद्यक इथे इतकं जपून पावलं का टाकतं? त्याचे हात एकदा भाजले आहेत. विल्यम हंटर या इंग्रज डॉक्टरने १९१० मध्ये माँट्रियलला एक भाषण दिलं. सोन्याच्या टोप्या आणि पुलांखाली तोंडात घाण दडवून ठेवली जाते आणि त्यातून शरीरभर रोग पसरतात, असा त्याचा हल्ला होता. त्यात तथ्य होतं, पण त्यातून लाट उठली ती भलतीच. संधिवात, अशक्तपणा, पोटाच्या तक्रारी, कशावरही उपाय एकच: दात उपटा. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन या डॉक्टरने वेडावर उपचार म्हणून हजारो दात काढले, आणि दात काढून भागलं नाही तर आतड्याचे तुकडेही. १९३० च्या दशकाअखेरीस लोकांनी हिशेब पाहिला तेव्हा कळलं की दात गेले आणि रोग राहिला. त्यानंतर कितीतरी वर्षं दात आणि उरलेलं शरीर यांचा संबंध जोडणाऱ्याकडे डॉक्टर मंडळी संशयाने बघत.

दुसरा चटका अलीकडचा. हेलसिंकीतच, मॅटिला यांच्या अभ्यासाच्या एक वर्ष आधी, हृदयरुग्णांच्या रक्तात क्लॅमिडिया न्यूमोनिए या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडं जास्त असल्याचं दिसलं होतं. पुढे तो धमन्यांतल्या थरातही सापडला. मग सरळ उपाय दिसला, प्रतिजैविक द्या. ४०१२ रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना वर्षभर दर आठवड्याला ॲझिथ्रोमायसिन दिलं. २००५ मध्ये निकाल लागला: अटॅक तितकेच. फांदी मोडली होती ती दुसऱ्याच कशाने तरी.

म्हणून हिरड्यांच्या बाबतीतही सगळे एकच विचारतात: उपचार करून बघितलं का? २००७ मध्ये लंडनच्या संशोधकांनी तीव्र पायरियाचे १२० रुग्ण घेतले. निम्म्यांच्या हिरड्यांची कसून सफाई केली, निम्म्यांना नेहमीची वरवरची. मग हाताच्या धमनीची ताणायची क्षमता मोजली. कसून सफाई केलेल्यांची धमनी दुसऱ्या दिवशी आधीपेक्षा वाईट झाली होती. साफ करताना उसळलेल्या जिवाणूंचा आणि दाहाचा तो परिणाम. सहा महिन्यांनी मात्र तीच धमनी दुसऱ्या गटापेक्षा चांगली निघाली. हा अभ्यास मला फार आवडतो, कारण त्यात हिरडी ढवळली की धमनी दोन्ही दिशांनी हलताना दिसते. आरहूसच्या प्रयोगाची ही थोडीशी झलक. पण धमनी ताणली जाणं वेगळं आणि अटॅक टळणं वेगळं. अटॅक टळतात का हे पाहायला हजारो माणसं, कितीतरी वर्षं आणि प्रचंड पैसा लागेल, आणि एका गटाचा पायरिया तसाच वाढू द्यावा लागेल. चहामळ्यांचे दिवस गेले. आता तसं करता येत नाही.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये पाचशेहून अधिक शोधनिबंध चाळून सांगितलं की संबंध आहे, तो इतर कारणं वगळूनही उरतो, पण हिरड्यांमुळे हृदयरोग होतो किंवा हिरड्यांच्या उपचाराने तो टळतो, असं म्हणायला पुरावा नाही. २०१९ मध्ये माद्रिदला युरोपातले हिरडीतज्ज्ञ आणि हृदयतज्ज्ञ एकत्र बसले, त्यांचाही सूर फार वेगळा नव्हता. मात्र हृदयरुग्णाला हिरड्यांची तपासणी करून घ्यायला सांगावं, असं त्यांनी आवर्जून म्हटलं. तेव्हा ‘दातांची क्लीनिंग करा, हृदयविकार टाळा’ असा फलक दवाखान्याबाहेर दिसला तर त्यातलं पहिलं वाक्य ऐकावं आणि दुसरं सोडून द्यावं. क्लीनिंगने दात ढिले होतात हा आपल्याकडचा आवडता गैरसमजही त्याबरोबरच सोडावा. हललेल्या दातांना किटणाच्या दगडाने एकमेकांना टेकू दिलेला असतो आणि फटी सुजेने झाकलेल्या असतात; किटण निघालं आणि सूज ओसरली की आधीच झालेलं नुकसान उघडं पडतं.

क्लीनिंगची धास्ती वाटणारे मग बाटलीतल्या माउथवॉशकडे वळतात. तिथे एक गंमत आहे. पालक, बीट, मुळा यांतल्या नायट्रेटचं रूपांतर करून रक्तवाहिन्या सैल ठेवणारा वायू बनवायला शरीराला जिभेवरचे जिवाणू मदत करतात. २०१३ मध्ये लंडनमध्ये १९ निरोगी लोकांनी आठवडाभर जंतुनाशक माउथवॉश वापरला, तेव्हा त्यांचा रक्तदाब दोन ते साडेतीन अंकांनी वर गेला. तोंडातले सगळेच जिवाणू काही शत्रुपक्षाचे नाहीत. दंतवैद्याने सांगितल्यावर ठराविक दिवस माउथवॉश वापरणं ठीक, वर्षभर सकाळ-संध्याकाळ चुळा भरण्याची गरज नाही.

आणि हृदयाकडूनही हिरडीकडे रस्ता येतो. रक्तदाबासाठी घराघरांत घेतल्या जाणाऱ्या ॲम्लोडिपिनने काही जणांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. माणूस ब्रश बदलतो, पेस्ट बदलतो, कारण मात्र गोळ्यांच्या डब्यात असतं. डॉक्टरांना सांगितलं तर औषध बदलता येतं. स्वतःहून बंद करायचं नाही. स्टेंट बसवलेल्यांच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तेच. दाढ काढायची म्हणून चार दिवस आधीच गोळ्या बंद करून बसलेली मंडळी आपल्या ओळखीत प्रत्येकाला सापडतील. दाढेचं रक्त बोळा दाबून किंवा टाका घालून थांबवता येतं, स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जीव जातो. काय करायचं ते दंतवैद्य आणि हृदयाचे डॉक्टर यांना आपसांत बोलून ठरवू द्यावं.

कधीकधी दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं दुखणं दाताचं नसतंच. हृदयाला रक्त कमी पडलं की त्याची कळ छातीतच उठेल असं नाही. हृदयाकडून आणि जबड्याकडून येणाऱ्या नसा वर जाऊन एकमेकींजवळ मिळतात, आणि मेंदूला पत्ता चुकतो. अशा माणसाला खालचा जबडा दुखतोय असं वाटतं, कधी डावा, कधी दोन्ही बाजू. तो कुठल्या दाताकडे नेमकं बोट दाखवू शकत नाही. दात ठोकून पाहिला तर दुखत नाही, थंड पाणी लावलं तर झिणझिण्या येत नाहीत, एक्स-रे स्वच्छ. अशा वेळी जाणता दंतवैद्य हातातलं हत्यार खाली ठेवतो आणि विचारतो, ‘काका, जिना चढताना जास्त दुखतं का? आणि थांबलात की राहतं?’